टेप वाढली होती, अक्का

अक्का, काल तुमचं तेराव्याचं जेवण झालं. गव्हाच्या खिरीची हुग्गी छान झाली होती, पण तुमची स्तुती हुग्गीहून गोड होती. "अक्कांच्या हातचा ब्लाउज आता पुन्हा अंगाला लागायचा नाही," असं प्रत्येक बाई पानावर बसल्या बसल्या म्हणत होती, आणि मी वाढायला होते म्हणून मला ते प्रत्येक पानापाशी ऐकावं लागत होतं. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलायचं नाही, असं ह्यांनी मला सकाळी रायापूरहून निघतानाच बजावलं होतं. मी हो म्हटलं होतं. तरी बोललेच. काय बोलले ते तुम्हाला सांगायला बसलेय, कारण ते ऐकायला खरं तर तुम्हीच तिथं हव्या होतात.

मला तुमचा राग आहे. आधी एवढं सांगून टाकते, म्हणजे मधे कुठं माझा आवाज बदलला तर तुम्ही त्याचा सोयीचा अर्थ काढणार नाही. तुम्ही माणूस म्हणून हट्टी होतात, थोरली जाऊ म्हणून तिखट होतात, आणि मनातलं बोलायची वेळ आली की तुमच्या तोंडाला कुलूप लागायचं. बाकी चोवीस तास ते उघडं असायचं.

मला टेप वाचायला तुम्ही शिकवलीत. मी खानापूरहून लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला शिवणातलं काही म्हणजे काही येत नव्हतं. टेपवर आकडे छापलेले असतात, ते वाचले की झालं, अशी माझी समजूत. तुम्ही बाजूच्या खोलीत मशीनवर बसला होतात. भावजी गेल्यापासून त्या मशीनवर तुम्ही घर चालवत होतात, माझ्या नवऱ्याचं शिक्षणसुद्धा त्याच मशीनवर झालं होतं, आणि मला हे येताजाता ऐकवलं जायचं. मी हौसेनं टेप हातात घेऊन आकडे म्हणून दाखवले. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "आकडे शाळेतली पोरं पण वाचतात. आकड्यांच्या मधलं वाच बघू."

मधलं मला येत नव्हतं. मग तुम्ही माझं बोट धरून टेपवर टेकवलंत. एका इंचात आठ घरं, एका घराला एक सूत म्हणायचं. सगळ्यात लांब रेघ मधोमध, ती अर्ध्या इंचाची, म्हणजे चार सूत. तिच्या दोन्ही अंगांना जरा आखूड रेघा, त्या पाव आणि पाऊण. उरलेल्या चिमुकल्या रेघा एकेका सुताच्या. तोंडानं सव्वा, साडे, पावणे असं म्हणायचं. "'चौदा आणि थोडं' असं पुन्हा म्हटलंस तर कात्री फेकून मारीन," असं तुम्ही म्हणालात आणि मी ते खरं मानलं.

मग बाकीचं. टोकाची पितळी पट्टी मापातच धरायची, ती सोडून मोजलं तर माप तिथंच चुकलं. डोळा रेघेच्या बरोबर समोर आणायचा, तिरकं बघितलं की रेघ सरकते. टेप अंगावर ओढायची नाही, नुसती टेकवायची. छातीला टेपेखाली आपलं एक बोट ठेवायचं, कारण बाईला श्वास घ्यायचा असतो. टेप उलटी झाली तर पलीकडच्या बाजूला सेंटीमीटर असतात, तिकडे ढुंकून पाहायचं नाही. माझी नजर जरा ढळली की तुम्ही विचारायचात, "इंच बघायलीस की स्वप्न बघायलीस गं?" आणि समोर गिऱ्हाईक बसलेलं असलं तर हे मुद्दाम मोठ्यानं विचारायचात.

शिकवलंत मात्र बरोबर. आजही कुणाच्या अंगाला टेप लावताना माझं बोट आपोआप खाली जातं. याबद्दल तुमचे उपकार आहेत आणि ते मी फेडणारही नाही, कारण तुम्ही ते व्याजासकट वसूल केलेत.

तुमची ती टेप पिवळी होती. अठ्ठावीस ते चाळीसच्या दरम्यानचे आकडे पुसून गेले होते, कारण धारवाडच्या बहुतेक बायका त्याच आकड्यांत राहतात. तुम्हाला ते आकडे दिसण्याची गरज नव्हती, बोटाखाली कळायचे. माप घेतलं की तुम्ही ते खणखणीत कानडीत म्हणायचात, "मूवत्तारु!" म्हणजे छत्तीस, आणि मी ते चिठ्ठीवर मराठीत लिहून कापडाला टाचणी लावायची. ज्या बाईचं माप तिलासुद्धा ते पाठ व्हायचं. आपल्या गल्लीतल्या बायका स्वतःचा वाढदिवस विसरतील, पण अक्कांनी सांगितलेला आकडा विसरायच्या नाहीत.

आणि काम संपलं की तुम्ही टेपेच्या टोकाच्या भोकातून चिंधी ओवून तिला कात्री बांधायचात आणि टेप भिंतीवरच्या खिळ्याला टांगायचात. म्हणजे दोन्ही हरवत नाहीत, हा तुमचा शोध. कात्री कापडाची, लोखंडी, हातात घेतली तर मनगट दुखायचं. ती वर्षानुवर्षं त्या टेपेला लोंबकळत होती. हे तेव्हा मला रोज दिसत होतं आणि त्याचं काही वाटत नव्हतं. तुम्हालाही वाटत नव्हतं, एवढं मी मान्य करते.

तुमच्याबद्दल चांगलं सांगायचं तर एक आहे. माझे दिवस भरत आले होते तेव्हा माझे ब्लाउज मला कधी घट्ट झाले नाहीत. मला वाटायचं मी फार काही सुटले नाही. पुढं कळलं की दर थोड्या दिवसांनी दोरीवरून वाळलेले माझे ब्लाउज तुम्ही काढून न्यायचात, बाजूची शिलाई उसवून जरा सैल करायचात आणि घडी घालून परत ठेवायचात. माप न घेता. मला विचारलं नाहीत की सांगितलं नाहीत. मी आभार मानायला आले तर म्हणालात, "जा, भाकरी जळायलीय." भाकरी तव्यावर टाकलेलीच नव्हती.

असं होतं तुमचं. चांगलं करताना चोरासारख्या आणि वाईट करताना चौकात.

मग ह्यांना धारवाडबाहेर रायापूरला घर मिळालं आणि आम्ही वेगळं राहू लागलो. हे कंपनीच्या बसनं जवळच्या बेलूरला कारखान्यात जायचे, पोर शाळेत, मला दिवसभर घर मोकळं. मी धारवाडच्या सुभाष रोडवरून एक जुनी मशीन, कात्री आणि एक नवी कोरी टेप आणली. तुम्हीच म्हणालात, लग्नसराईत माझं काम मला आवरत नाही, थोडं तू ने. गिऱ्हाइकं तुमच्याकडंच यायची. मी धारवाडला यायची, तुमच्या खोलीत, तुमच्या टेपेनं मापं घ्यायची आणि कापड घेऊन रायापूरला जायची. तिथं माझ्या टेपेनं कापायची. यात चूक होण्यासारखं काय आहे, हे तेव्हा मला कुणी विचारलं असतं तर मी हसले असते. टेप ती टेप. इंच तो इंच.

आपल्या गल्लीतल्या शारदक्कांच्या लेकीचं लग्न निघालं. मुलगी बेंगळूरला नोकरीला, दोन दिवसांसाठी आली तेवढ्यात मी तिचं माप घेतलं, तिच्या मावश्यांचंही घेतलं. तुम्ही बाजूला बसून ऐकत होतात. मुलीचा ब्लाउज भारी रेशमाचा, बाह्यांना आणि मुंढ्याला, म्हणजे बाही जोडतात त्या गोलाईला, हातानं भरलेलं जरीकाम. मी जीव ओतून शिवला, अक्का. तो आधी घालून बघायला मुलगी इथं नव्हती, ती आली थेट लग्नाच्या आदल्या दिवशी, आणि हळदीच्या गडबडीत ब्लाउज कुणी अंगाला लावून बघितलाच नाही.

लग्नाच्या सकाळी कल्याण मंटपात हूक लागेनात. एका मावशीचे लागले नाहीत, दुसरीचे लागले नाहीत, आणि मग नवरीचे लागले नाहीत. तुम्ही दात ओठ खाऊन तिथल्या तिथं ब्लेडनं बाजूच्या शिलाया उसवल्यात. आत मी माया ठेवली होती, शिलाईतलं जास्तीचं कापड, तिच्यावर हूक कसेबसे लागले. पण मुंढ्याला काय करणार? तिथं जरीकाम. मुलगी मांडवात उभी राहिली आणि माळ घालायला तिचे हात वर जाईनात. नवरा मुलगा उंच. त्यानं बिचाऱ्यानं गुडघ्यातून वाकून माळ घालून घेतली आणि सगळा मांडव खो खो हसला. ती हसली नाही. तिच्या आईनं माझ्याकडं बघितलं. आणि तुम्ही, अक्का, पाच-सहा बायकांच्या मधोमध उभ्या राहून म्हणालात, "आकिगे टेप नोडलिक्क बरंगिल्लरी." तिला टेप बघता येत नाही हो.

मराठीत म्हणाला असतात तर निम्म्यांना तरी कळलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मी माझी टेप पर्समध्ये घालून धारवाडला आले. मी रडले होते, पण मापं मला पाठ होती आणि ती बरोबर होती याची मला खात्री होती. मी तुमची टेप खिळ्यावरून काढली, कात्री सोडली आणि दोन्ही टेपा कापायच्या टेबलावर शेजारी शेजारी पसरल्या. दोन्ही पितळी टोकं जुळवून अंगठ्यानं दाबून धरली. दहापर्यंत फरक जेमतेम कळत होता. विसाला तो डोळ्यांत भरू लागला. तुमचा छत्तीस माझ्या सदतिसावर येऊन बसला होता.

मला क्षणात सगळं लक्षात आलं. तुमची टेप ताणून लांब झाली होती. सदतीस इंचाची बाई तुमच्या टेपेवर छत्तीस भरायची. पण तुम्ही कापडही त्याच टेपेनं छत्तीस मोजायचात, म्हणजे खरं सदतीसच कापायचात, आणि ब्लाउज बेतशीर बसायचा. तुमची चूक तुमच्याच चुकीनं झाकली जायची. मी अर्धं काम तुमच्या टेपेनं केलं आणि अर्धं माझ्या. एक इंच मधल्या मधे रस्त्यात पडला.

आणि मग हेही लक्षात आलं की तुमचं एवढं नाव का झालं होतं. "अक्कांचं माप दुसऱ्या कुठल्या टेलरला जमत नाही," असं बायका म्हणायच्या ना? कसं जमेल? तुम्ही सांगितलेला आकडा घेऊन त्या दुसरीकडं गेल्या की ब्लाउज घट्टच होणार. दुकानातून छत्तीसचं तयार काही आणलं की तेही आवळणार, की त्या दुकानदाराला शिव्या घालत परत तुमच्याच दारात. धारवाडमधल्या सगळ्या टेपा खोट्या आणि अक्कांची खरी. तुमच्या कीर्तीत तुमच्या हाताचा वाटा मोठा होता हे मी नाकारत नाही, पण थोडा त्या लोंबकळणाऱ्या कात्रीचाही होता.

मी तुम्हाला म्हटलं, "अक्का, हे बघा." तुम्ही बघितलंत. चष्मा लावून, वाकून बघितलंत. मग टेप मुठीला गुंडाळत म्हणालात, "टेप कधी वाढते काय? पोर आहे काय ती?"

"मग माझी लहान कशी?"

"नव्या टेपा आखूडच यायलेत. सगळंच आखूड येतंय आता. बिस्किटं बघ."

मी तुमच्या लेकीच्या, वैशूच्या दप्तरातून तिची फूटपट्टी काढून आणली. तुमच्या टेपेवर ठेवली. बारा इंचाची पट्टी अकरा इंच पाच सूत भरली. सूत तुम्हीच शिकवलं होतं, मी मोजून दाखवलं. तुम्ही पट्टीकडं बघितलंत, माझ्याकडं बघितलंत आणि म्हणालात, "पट्टी उन्हात वाकलीय." वैशू दारात उभी होती, ती हसली. तिला वाटलं तुम्ही चेष्टा करताय. तुम्ही पट्टी तिच्या हातात दिलीत आणि मला म्हणालात, "जा आता. मला कामं आहेत."

आपलं भांडण तिथं थांबलं आणि मग कधी पुढं सरकलंच नाही. मी घरी येऊन ह्यांना सांगितलं. ह्यांना तुम्ही आईच्या जागी. ते म्हणाले, एका इंचासाठी घर फोडू नको. मी म्हटलं, घर नाही, माझं नाव फुटलंय. पण ह्यांना नावाचं काय, ह्यांचं माप कुणी काढलं नव्हतं.

त्यानंतर मला ब्लाउज शिवायला कुणी दिला नाही. धारवाडला 'धाकटीला टेप वाचता येत नाही' हे सर्वतोमुखी झालं आणि बसमध्ये बसून रायापूरलाही आलं. मी परकर शिवले. उशांचे अभ्रे शिवले, पडदे शिवले, घरात घालायचे गाऊन शिवले, फॉल लावले. जिथं इंचभर इकडंतिकडं चालून जातं तेवढंच काम माझ्या वाट्याला आलं. मला मुंढा कापता येतो, अक्का. मला पाठीचा गळा असा कापता येतो की खांदा तसूभर उतरत नाही. तो हात मी वर्षानुवर्षं अभ्र्यांवर चालवला. दिवाळीला तुम्ही वैशूबरोबर चकल्या पाठवायचात. मी त्या खायची आणि डबा रिकामा पाठवू नये म्हणून त्यात अनारसे घालून पाठवायची. आपण एकमेकींशी बोलायचो, हसायचो, एका पंगतीला जेवायचो. फक्त तुमच्या मशीनच्या खोलीत मी पुन्हा पाऊल टाकलं नाही.

तुम्ही आजारी पडलात तेव्हा मला वाटलं, आता बोलाल. माणसं शेवटी बोलतात असं ऐकलं होतं. मी आले की तुम्ही औषधांना नावं ठेवायचात, डॉक्टरच्या शर्टाच्या कॉलरला नावं ठेवायचात. एक दिवस म्हणालात, "ब्लाउज अंगावरनं घसरायलेत. आत घे जरा." मी पर्समधून टेप काढली. तुम्ही म्हणालात, "दाखव." हातात घेऊन डोळ्यांजवळ नेऊन बघितलीत आणि परत दिलीत. पलंगाच्या कडेला बसून दोन्ही हात वर केलेत. केवढ्या वाळला होतात. माझं बोट टेपेखाली गेलं आणि मला तुमची फासळी लागली.

"तीस," मी म्हटलं.

"नीट बघ."

"तीसच आहे, अक्का."

"दोन सूत जास्त असेल."

मी वाकून समोरून बघितलं. सव्वातीस होतं. मरायला टेकलात तरी माझी चूक काढलीत. मी टेप तशीच धरून थांबले. मला वाटलं आता म्हणाल, आता म्हणाल. खोलीत आपण दोघीच होतो, तुमचे हात वर होते, टेप तुमच्या अंगाभोवती होती, यापेक्षा चांगला मोका देवानंही दिला नसता. तुम्ही म्हणालात, "बाही सैल ठेव." मी ठेवली. पुढं त्यातला एकच ब्लाउज तुमच्या अंगाला लागला.

आता कालचं सांगते.

जेवणं झाल्यावर बायका मधल्या खोलीत पानसुपारी घेऊन बसल्या. शारदक्का होत्या, गिरिजाबाई होत्या, कोपऱ्यावरच्या प्रमिलाताई होत्या. तुमच्या आठवणी निघाल्या. गिरिजाबाई डोळे पुसत म्हणाल्या, "माझ्या तब्येतीवर अक्कांचं किती लक्ष! एकदा माप घेताना म्हणाल्या, मूवत्तेळु. मी म्हटलं, छत्तीस होतं की हो माझं. तर म्हणाल्या, होतं, आता सदतीस झालंय, रात्रीचा भात सोड. तेव्हापासून मी रात्री भाकरीच खाते."

प्रमिलाताई म्हणाल्या, "ननगू हंगा अंदिद्रु! मलापण तसंच. चौतीसचं पस्तीस झालं म्हणून रोज चालायला लावलं."

शारदक्का हसायला लागल्या. "अगं, मलापण. एक इंच सुटलीस म्हणाल्या. आमच्या लेकीच्या लग्नानंतरचा दसरा होता बघ."

तिघींनी तो दसरा जुळवला आणि तुमच्या त्या काळजीनं तिघींचे डोळे पुन्हा भरून आले. माझ्या हातात सुपारीचं तबक होतं. ते मी खाली ठेवलं आणि तुमच्या मशीनच्या खोलीत गेले. खिळ्यावर टेप होती. पांढरी. मी पर्समधली माझी काढली, टेबलावर दोन्ही शेजारी ठेवल्या, टोकं अंगठ्याखाली धरली. छत्तीस छत्तिसावर. चाळीस चाळिसावर. एका सुताचा फरक नाही. कात्री टेपेला बांधलेली नव्हती, ती खणात वेगळी ठेवलेली होती.

वैशू मागून आली. मी विचारलं, जुनी टेप कुठाय? म्हणाली, "ती ना काकू? आईनं कधीच बंबात घातली. आकडे पुसलेत म्हणाली. आणि कात्री टेपेला बांधायची नाही म्हणून मला दम दिला होता. का, ते नाही सांगितलं." तिला अजूनही काही माहीत नाही.

म्हणजे तुम्हाला कळलं होतं. लगेच कळलं होतं. टेप वाढलीय हेही कळलं आणि कशानं वाढलीय हेही. तुम्ही सुभाष रोडला जाऊन नवी टेप आणलीत, जुनी जाळलीत, आणि सगळ्या गिऱ्हाइकांची मापं नव्यानं घेतलीत. प्रत्येकीचा आकडा एका इंचानं वाढला, तो त्यांना ऐकू गेला, आणि त्यांना काहीतरी सांगणं भाग होतं. तुम्ही अख्ख्या गल्लीला जाड ठरवलंत, अक्का! बायकांचा रात्रीचा भात तोडलात! पण 'टेप चुकली, धाकटी बरोबर होती' एवढं वाक्य तुमच्या तोंडून निघालं नाही. मला तिथं उभ्या उभ्या हसू आलं, आणि मग असा संताप आला की तुम्ही समोर असता तर तुमच्या अंगावर ती कात्री फेकली असती.

मी मधल्या खोलीत गेले आणि सांगितलं. बोलायचं नाही असं ठरलं होतं, तरी सांगितलं. त्या दसऱ्याला तुमच्यातली कुणीही सुटलेली नव्हती, अक्कांची जुनी टेप वाढलेली होती, ती त्यांनी बदलली, म्हणून आकडे बदलले, आणि शारदक्का, तुमच्या मुलीचा ब्लाउज म्हणून घट्ट झाला, मी माप बरोबर वाचलं होतं. मी एका दमात बोलले.

वैशू म्हणाली, "काकू, आजच्या दिवशी तरी..."

गिरिजाबाई म्हणाल्या, "टेप कशी वाढेल हो?"

शारदक्का माझ्याजवळ सरकल्या. त्यांनी माझा हात हातात घेतला. फार मायेनं म्हणाल्या, "नाही गं. मी खरंच सुटले होते त्या वर्षी. लग्नातले लाडू उरलेले, रोज दोन खात होते. अक्कांचं माप कधी चुकायचं नाही." मग म्हणाल्या, "आणि तू कशाला मनाला लावून घेतीस? जुनं झालं ते. तुला पण आता बरं जमतंय म्हणतात."

प्रमिलाताईंनी मान हलवली. त्यांनाही त्या वर्षी पोळ्यांवर तूप जरा जास्तच होत होतं, असं आठवलं. तिघी बायका स्वतः जाड झाल्याचं कबूल करायला तयार होत्या, पण तुम्ही चुकलात हे नाही. मी तबक उचललं आणि सुपारी फिरवली.

परतताना बसमध्ये हे म्हणाले, बोललीसच शेवटी. मी म्हटलं, बोलले. ते म्हणाले, मग काय झालं? मी म्हटलं, काही नाही झालं.

इतकी वर्षं मला वाटत होतं की मी बरोबर होते हे एकट्या मलाच ठाऊक आहे, आणि त्याचीच मला सवय झाली होती. काल कळलं की मी एकटी नव्हते. रोज त्या पांढऱ्या टेपेनं माप घेताना तुम्हालाही ते ठाऊक होतं. तुम्ही कबूल केलं नसतंत तरी चाललं असतं, अक्का, नुसत्या राहायला हव्या होतात. धारवाडात एका घरात एक बाई होती, जिला माहीत होतं की मला टेप वाचता येते. आता या जगात तसं कुणीच नाही.